अमूर्त निसर्गछायाचित्रण

निसर्गदृश्यातील प्रकाश, छाया, रेषा, पोत व रंग हे घटक दृश्यवस्तूच्या ओळखीपासून शक्य तितके मोकळे करून त्यांतून स्वतंत्र रचना साधणारा छायाचित्रणाचा एक कलाप्रकार. यात डोंगर, पाणी, ढग वा जमीन यांचे वर्णन हे उद्दिष्ट नसते; त्यांच्यावर पडलेल्या नैसर्गिक प्रकाशाने घडविलेला आकृतिबंध हा चित्राचा विषय असतो. चित्रकाराला नको असलेली वस्तू वगळता येते. छायाचित्रकारासमोरील वस्तू मात्र प्रत्यक्ष अस्तित्वात असावी लागते आणि तिच्यावरून आलेला प्रकाशच प्रतिमा घडवितो. त्यामुळे छायाचित्रातील अमूर्तता कधीच संपूर्ण नसते. ही मर्यादा की सामर्थ्य, हा या प्रकाराच्या समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न होय.

या प्रकाराचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला. त्यापूर्वीच्या चित्रसदृश छायाचित्रणात मृदू भिंगे व मुद्रणाचे संस्कार यांच्या साहाय्याने चित्रकलेचे अनुकरण केले जाई. पॉल स्ट्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने १९१६ च्या सुमारास साध्या वस्तू व छाया यांच्या निकट चौकटींतून वेगळी दिशा दाखविली. ॲल्फ्रेड स्टिग्‌लिट्‌झ (१८६४–१९४६) याने १९२२ पासून सुमारे बारा वर्षे ढगांची छायाचित्रे घेतली व त्यांपैकी अनेकांना ‘इक्विव्हॅलंट्स’ (समतुल्ये) असे नाव दिले. त्याच्या व्यक्तिचित्रांचे यश व्यक्तींवरील त्याच्या प्रभावात आहे, या टीकेला हे एक उत्तर होते. कारण ढगांवर कोणाचाच प्रभाव चालत नाही. क्षितिज वगळल्यामुळे यांतील पुष्कळ चित्रांत वर-खाली ही दिशाही निश्चित राहत नाही. पुढे एडवर्ड वेस्टन याने वाळूच्या टेकड्या, तर एअरन सिस्किंड याने भिंतींचे उडालेले रंग व खडक यांतून अमूर्त रचना साधल्या.

या प्रकारातील प्रमुख साधन म्हणजे वगळणे. क्षितिज, माणूस, झाड यांसारखी प्रमाणदर्शक खूण चौकटीबाहेर ठेवली, की काही हात जमीन आणि काही कोस पठार यांतील भेद पुसला जातो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पोत उठून दिसतो. मध्यान्हीच्या उन्हात तो सपाट होतो. पावसाळी आभाळाखाली छाया विरघळतात. फिल्मवर प्रकाश पाडण्याचा काळ (उद्भासनकाल) कमी ठेवल्यास छाया काळ्या पट्ट्यांप्रमाणे एकसंध होतात. तो वाढविल्यास वाहते पाणी धुक्यासारखे दिसते. कृष्णधवल माध्यमात रंगाची ओळखही गळून पडते.

या दृष्टीने छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याचा परिसर बोधप्रद आहे. येथील डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेले असून सपाट माथे व पायऱ्यांसारखे उतार यांमुळे तिरप्या उन्हात भूदृश्य आपोआपच आडव्या पट्ट्यांत विभागले जाते. तथापि या जिल्ह्यातील छायाचित्रणाची परंपरा प्रारंभापासून नोंदीची आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेल्या मेजर रॉबर्ट गिल याने पुढे छायाचित्रणाचा अवलंब केला. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्याची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत. त्याच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. त्यामुळे छायाचित्राचे नोंद म्हणून असलेले महत्त्व अधिकच ठसले. गिलचा हेतू अमूर्ततेचा नव्हता. परंतु बाहेरचे ऊन आणि लेण्यातील अंधार ही दोन्ही टोके एकाच काचेवर टिपणे त्या काळी कठीण होते. अशा चित्रांत दारे व स्तंभांमधील पोकळ्या काळ्या भौमितिक आकारांसारख्या दिसतात. आजच्या प्रेक्षकाला त्यांत रचनासौंदर्य जाणवते. ते हेतूने आलेले नाही, माध्यमाच्या अडचणीतून आलेले आहे, हे समीक्षकाने विसरू नये.

महाराष्ट्रात या प्रकाराचा हेतुपूर्वक व सर्वांत प्रगल्भ आविष्कार नसरीन मोहमदी (१९३७–९०) यांच्या छायाचित्रांत आढळतो. कराचीत जन्मलेल्या व मुंबईत वाढलेल्या मोहमदी यांचे कलाशिक्षण लंडनला सेंट मार्टिन्स कलाशाळेत झाले. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत अध्यापन केले. शाई व पेन्सिलीने काढलेल्या सूक्ष्म रेषांच्या रेखाटनांसाठी त्या ख्यातनाम आहेत. अलिबागजवळील किहीमचा किनारा, वाळवंट, रस्त्यांवरील पट्टे, फत्तेपूर सीक्री येथील फरसबंदी हे त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांचे विषय. ओहोटीच्या वाळूवरील पाण्याची रेघ किंवा जमिनीवर आडवी पडलेली छाया एवढ्यावरच त्यांची चौकट उभी राहते. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत प्रदर्शित केली नाहीत. त्यांना शीर्षकेही दिली नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर ती देशोदेशींच्या प्रदर्शनांतून प्रकाशात आली.

ही छायाचित्रे म्हणजे रेखाटनांची पूर्वतयारी, असे मानण्याकडे काहींचा कल दिसतो. तो अपुरा आहे. रेखाटनातील रेषा पट्टीने व हाताने निश्चित होते. छायाचित्रातील रेषा पुढच्या लाटेने पुसली जाणारी असते. त्या अस्थिरतेचे भान प्रतिमेत टिकून राहते आणि हेच या चित्रांचे वेगळे मोल होय. येथे वस्तू ओळखू येते, तरीही रचना ढळत नाही. अमूर्त छायाचित्राची खरी कसोटी हीच म्हणता येईल.

या कसोटीचे महत्त्व मराठवाड्याच्या भूमीसंदर्भात अधिक जाणवते. भेगाळलेल्या जमिनीचे निकट छायाचित्र हा या प्रकारातील फार वापरला गेलेला विषय. १९७२ च्या भीषण दुष्काळाची स्मृती असलेल्या प्रदेशात तो केवळ आकृतिबंध म्हणून पाहणे सोपे नाही. दुसरीकडे, काळी कापसाची जमीन सुकताना आकसते व चांगल्या वर्षीही उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. शेतकरी त्यांना अनिष्ट मानतोच असे नाही, कारण त्यांमुळे जमीन आपोआप मोकळी होते. तळ्याचा आटलेला गाळ आणि उन्हाळ्यातले शेत यांची छायाचित्रे मात्र सारखीच दिसू शकतात. चौकटीतून संदर्भ वगळल्यावर एकाला सजावट आणि दुसऱ्याला दुष्काळ ठरविणे केवळ मथळ्याच्या हाती उरते. म्हणून संदर्भ गाळण्याचे स्वातंत्र्य घेणाऱ्या कलावंतावर मथळ्याच्या सचोटीची जबाबदारी अधिक येते. मोहमदींच्या शीर्षकहीन चित्रांनी ती वेगळ्या रीतीने पाळली आहे : ती कशाचाही दावा करीत नाहीत.

संगणकीय संस्करण सुलभ झाल्यापासून प्रकाश व रंग हवे तसे बदलता येतात आणि कॅमेरा हलवून काढलेल्या रंगपट्ट्यांची छायाचित्रेही विपुल झाली आहेत. त्यांतील पुष्कळशी आकर्षक असली, तरी ती कोठल्याही ठिकाणची व कोठल्याही वेळची वाटतात. चित्रकलेचे अनुकरण करणाऱ्या जुन्या छायाचित्रणाचा दोष त्यांत नव्या रूपाने परत येतो. ज्या छायाचित्रात विशिष्ट स्थळी, विशिष्ट क्षणी पडलेल्या प्रकाशाची साक्ष शिल्लक राहते, तेच अमूर्त असूनही छायाचित्र राहते. या दृष्टीने वास्तवाशी असलेला अतूट संबंध ही या कलाप्रकाराची उणीव नसून त्याचे अधिष्ठान होय.