आजीला काय हवं असतं? मुलांच्या कथांमधल्या आजीविषयी

आजचा विषय आहे मुलांच्या कथांमधली आजी. विषय गोड आहे, आणि अडचण तिथेच आहे. कथेत आजी आली की आपण समीक्षा बाजूला ठेवतो. आजी म्हणजे माया, आजी म्हणजे लाडू, आजी म्हणजे गोष्ट. मग कथा चांगली की वाईट हे विचारायचं राहूनच जातं. आज मी ते विचारणार आहे, आणि त्यासाठी एकच साधा प्रश्न वापरणार आहे: या कथेतल्या आजीला स्वतःला काय हवं आहे?

मुलाला काय हवं आहे, ते प्रत्येक कथेत असतं. आजीला काय हवं आहे, हे किती कथांमध्ये कळतं? बघा आठवून.

आपल्याकडे आजीसाठी एक रूपक फार रुळलेलं आहे, पोतडीचं. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी बंगालमधल्या लोककथा गोळा केल्या आणि १९०७ साली पुस्तक काढलं, ‘ठाकुरमार झुली’, म्हणजे आजीची झोळी. रवींद्रनाथांची प्रस्तावना त्याला आहे. अतिशय मोलाचं पुस्तक. पुढे सुधा मूर्तींच्या एका लोकप्रिय पुस्तकाचं नाव आलं ‘ग्रँडमाज बॅग ऑफ स्टोरीज’. मध्ये शंभरएक वर्षं गेली, भाषा बदलली, पण झोळी तीच राहिली. आता, झोळीचा गुण काय? तिच्यात हात घातला की काहीतरी निघतं. आणि झोळीला स्वतःला काही नको असतं. मुलाने मागावं, आजीने द्यावं, असा हा एकतर्फी व्यवहार आहे. यात प्रेम नाही असं मी म्हणत नाही. पण या प्रेमात मुलाला समोरची व्यक्ती दिसतेच असं नाही.

सिमोन द बोव्हुआर हिचा म्हातारपणावरचा मोठा ग्रंथ १९७० साली आला. त्यात तिने एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं आहे. समाज म्हाताऱ्या माणसांना एक तर संतपदाला चढवतो, नाहीतर वेडगळ ठरवतो. दोन्ही वेळा तो त्यांना आपल्यातून बाहेर काढतो. इतरांसारख्या इच्छा, इतरांसारखे हेवेदावे त्यांनी दाखवले की लोकांना ते रुचत नाही. मुलांच्या कथेतली आजी बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात मोडते. तिला देव्हाऱ्यात बसवलेलं असतं. आणि देव्हाऱ्यातल्या देवाला कोणी विचारत नाही, की बाबा, तुला आज नैवेद्याला काय आवडेल? (हशा)

दोन जुन्या गोष्टी शेजारी ठेवून बघू. एक युरोपातली, लाल टोपीवाल्या मुलीची. शार्ल पेरोने ती १६९७ साली छापली, ग्रिम बंधूंनी १८१२ साली. आजी आजारी आहे, अंथरुणाला खिळलेली आहे. नात खाऊ घेऊन निघते. लांडगा आधी पोचतो आणि आजीला खातो. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत तो तिचे कपडे घालतो, टोपी घालतो आणि पलंगावर पडून राहतो. नातीला काहीतरी विचित्र वाटतं, पण ओळख पटत नाही. याचा अर्थ नीट पाहा. टोपी, पांघरूण आणि पलंग एवढं असलं की आजी तयार होते. आतलं माणूस बदललं तरी चालतं! ग्रिम यांच्याकडे शिकारी तिला पोटातून जिवंत बाहेर काढतो, पेरोकडे तीही सोय नाही.

दुसरी गोष्ट आपली, म्हातारी आणि भोपळा. आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली पहिली गोष्ट. ही म्हातारी कोणाची वाट बघत पडलेली नाही. ती स्वतः उठून लेकीकडे निघाली आहे, रानातून, एकटी. वाघ आडवा येतो. ती त्याच्याशी सौदा करते: आत्ता मी वाळलेली आहे, लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होते, मग खा. आणि ती खरोखर जाते, खाते, जाडजूड होते, आणि भोपळ्यात बसून वाघाला चकवून घरी येते. या म्हातारीला काय हवं आहे ते चार वर्षांच्या मुलालाही सांगता येतं. तिला लेकीला भेटायचं आहे, पोटभर खायचं आहे, आणि जगायचं आहे. नातवंडांसाठी नाही हं, स्वतःसाठी! तिच्या या इच्छांची लाज गोष्टीला कुठेही वाटत नाही. म्हणून ती गोष्ट मला आजच्या कित्येक छापील गोष्टींपेक्षा अधिक प्रौढ वाटते.

आता आधुनिक कथेकडे येऊ. प्रेमचंदांची ‘ईदगाह’, १९३३ सालची. कथा तुम्हाला माहीत आहे, पण तिच्यातला हिशोब लक्षात आहे का? अमीनाकडे सणाच्या दिवशी एकूण दोन आणे उरले आहेत. म्हणजे आठ पैसे. त्यातले तीन हामिदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. प्रेमचंद हे आकडे मुद्दाम देतात. झोळीतून हवं तेवढं निघत असतं, बटव्यातून मोजकंच निघतं. ही आजी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती तिच्या चणचणीसकट. आईबाप गेलेल्या पोराला ती सांगते, की अब्बा पैसे कमवायला गेलेत. ती खोटंही बोलते, आणि ते आपल्याला कळतं.

मग जत्रा, खेळणी, मिठाई, आणि हामिदने तीन पैशांत घेतलेला चिमटा. ही कथा आपण त्यागाची कथा म्हणून शिकवतो, आणि तिथे तिचं नुकसान करतो. हामिद संत नाही. त्याला मिठाई हवीच आहे, मित्रांचा रागही येतो, आणि परत येताना तो आपल्या चिमट्याचं असं काही वकिली समर्थन करतो की बाकीच्यांची खेळणी हरतात. महत्त्वाचं दुसरंच आहे. रोट्या करताना आजीची बोटं भाजतात, हे त्याने घरी पाहिलेलं आहे. रोज भाकरी सगळेच खातात. बोटं किती जण बघतात? चिमटा ही त्या बघण्याची पावती आहे. कांट १७८५ साली म्हणाला, की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. वर्गात हे शिकवताना माझा तास जायचा. हामिदला ते लोहाराच्या दुकानासमोर उमगलं आहे.

आणि शेवट बघा. अमीना आधी रागावते, मग तिला रडू कोसळतं, ती दुवा मागते. ती का रडते, ते हामिदला कळत नाही. प्रेमचंद त्याला ते कळू देत नाहीत. आजीच्या मनाचा एक भाग नातवाच्या आवाक्याबाहेर ठेवण्याएवढा आदर लेखकाकडे आहे.

दुसरं उदाहरण सुधा मूर्तींचंच, आजीला वाचायला शिकवल्याची कथा. त्याच नावाचा संग्रह २००४ साली आला. गोष्ट कर्नाटकातली आहे. ‘कर्मवीर’ साप्ताहिकात त्रिवेणी यांची ‘काशी यात्रे’ ही कादंबरी क्रमशः येते. नात आजीला वाचून दाखवते. नात लग्नाला गावाला जाते, अंक येतो, आणि आजी नुसती पानांवरून हात फिरवत राहते. साठी ओलांडलेली ही बाई रडते आणि ठरवते, दसऱ्यापर्यंत वाचायला शिकायचं. तिला काय हवं आहे? पुढे काय झालं ते हवं आहे, आणि कोणावर अवलंबून न राहता हवं आहे. किती स्वच्छ इच्छा आहे ही! लिहिणारीचा प्रामाणिकपणा असा, की आजीच्या या इच्छेला नात आधी हसली, हेही ती लपवत नाही.

मात्र यातली एक गंमत सहसा कोणी बोलत नाही. त्या कादंबरीतल्या म्हातारीला काशीला जायचं असतं, आणि शेवटी ती साठवलेले पैसे एका अनाथ मुलीच्या लग्नाला देऊन टाकते. म्हणजे आतल्या गोष्टीतली आजी इच्छा सोडते म्हणून थोर ठरते, आणि बाहेरच्या गोष्टीतली आजी इच्छा धरते म्हणून थोर ठरते. शाळेत धडा म्हणून शिकवताना आपण ‘जिद्द’ हे तात्पर्य काढतो आणि पुढे जातो. मला वाटतं, या दोन आज्यांमधलं भांडण मुलांपुढे मांडायला हवं. त्यातून खरी चर्चा होईल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मुलाला आधार हवा असतो. आजीची दुःखं, आजीच्या गरजा यांचं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला? याचं उत्तर मला रोआल्ड डालच्या ‘द विचेस’मध्ये, १९८३ सालच्या कादंबरीत सापडतं. आईवडील गेलेल्या मुलाला सांभाळणारी ही नॉर्वेजियन आजी ८६ वर्षांची आहे, काळे चिरूट ओढते, आणि तिच्या एका हाताला अंगठा नाही. तो कसा गेला, हे नातू विचारतो. ती सांगत नाही. पुस्तक संपतं तरी सांगत नाही. नातवाला तिच्याकडून भरपूर आधार मिळतो. पण आपण जन्मण्याआधी हिचं एक आयुष्य होतं आणि ते सगळं आपल्यासाठी उघडं नाही, हेही त्याला कळतं. मला यात ओझं दिसत नाही. नात्यात मोकळी हवा येते, एवढंच.

हे सगळं मी पुस्तकांपुरतं बोलत नाही. आज कित्येक आज्या दिवसभर नातवंडं सांभाळतात, कित्येकींना नातवंडं फोनच्या पडद्यावर भेटतात. पहिल्या ठिकाणी ‘आजी आहे ना!’ या तीन शब्दांत तिचा अख्खा दिवस गृहीत धरलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी दहा मिनिटांत ‘जेवलास का’ विचारून झालं की बोलणं संपतं. ‘तू जेवलीस का, काय जेवलीस, आणि तुला काय खावंसं वाटत होतं’ हे विचारायला मूल कुठे शिकणार? घरात शिकेल तर उत्तमच. नाहीतर कथेत शिकेल. म्हणून मुलांसाठी लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं आहे, की तुमच्या आजीला एक तरी इच्छा द्या, जी नातवंडांविषयी नाही. आणि गोष्ट वाचून दाखवणाऱ्यांनी ‘तात्पर्य काय?’ विचारण्याऐवजी एकदा विचारून बघावं, ‘यातल्या आजीला काय हवं होतं?’ मूल गप्प राहिलं, तर त्याच्याआधी पुस्तक तपासा.

एवढं बोलून थांबतो.