जुन्या युरोपीय स्वरलिपींतील पट्टीबदल व संपादकांची जबाबदारी

मोडी कागद बाळबोधींत उतरवितांना नकलनविसानें कालनिर्देश किंवा शिक्क्याची जागा गाळली, तर मजकूर शाबूत राहूनहि अस्सल कागदाची अर्धी साक्ष नाहींशी होते. युरोपीय संगीताचीं जुनीं हस्तलिखितें व छापील प्रती नव्यानें प्रसिद्ध करतांना असाच प्रकार दीर्घकाळ घडत आला. त्याची चिकित्सा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडे षड्ज चल आहे. भातखंडे पद्धतीनें लिहिलेली चीज पांढरी एकमध्यें म्हटली काय किंवा काळी दोनमध्यें म्हटली काय, कागदावरील एकहि अक्षर बदलावें लागत नाहीं. युरोपीय पंचरेषालिपींत मात्र कोणती रेषा कोणत्या स्वराची हें आरंभींचें 'क्लेफ' नांवाचें चिन्ह ठरवितें, आणि पट्टी बदलली कीं सारें पान पुन्हां लिहावें लागतें. अर्थात् एखादें पान अमुकच पट्टींत व अमुकच क्लेफनें लिहिण्यास बहुधा कांहीं कारण असतें. तें कारण हाच इतिहासाचा पुरावा होय.

पहिलें उदाहरण योहान सेबास्टियन बाख ह्याचें घेऊं. म्यूलहाउझेन येथें १७०८ मध्यें नव्या नगरसभेच्या अधिकारग्रहणासाठीं त्यानें 'गॉट इस्ट माइन क्योनिग' हा कंटाटा रचला. त्यांत तंतुवाद्यें, ट्रंपेट व ऑर्गन ह्यांचीं पानें सी पट्टींत, म्हणजे आपल्या पांढरी एकमध्यें, तर बासऱ्या व ओबो ह्यांचीं डी पट्टींत, म्हणजे पांढरी दोनमध्यें आहेत. तरीहि ऐकूं येणारा सूर एकच. ऑर्गन 'कोरटोन' ह्या उंच मानानें लावलेला होता व फुंकवाद्यें 'कामरटोन' ह्या खालच्या मानाचीं होतीं. षड्ज-ऋषभाएवढें हें अंतर लेखनांत भरून काढलेलें आहे. १७२३ मध्यें बाख लाइप्झिगला आला, तेव्हांपासून ही व्यवस्था उलटली. इतर पानें कामरटोनप्रमाणें लिहावयाचीं व ऑर्गनचें पान मात्र एक स्वर खालीं, असा तेथील परिपाठ होता.

लाइप्झिगचा हा भेद सर्व वाद्यांच्या एकत्र प्रतींत दिसत नाहीं. तो वादकांना दिलेल्या सुट्या पानांतच दिसतो. बाख १७५० मध्यें वारल्यावर कोराल कंटाटांचीं सुटीं पानें त्याच्या विधवेकडून सेंट टॉमस शाळेकडे आलीं. एकत्र प्रती बहुतांशीं थोरला मुलगा व्हिल्हेल्म फ्रीडेमान ह्याच्याकडे गेल्या. अशी फाटाफूट झालेली असतां, एक स्वर खालीं लिहिलेलें पान हातीं आल्यास तें निराळ्या रचनेचें समजूं नये. तें ऑर्गनवादकाचें असण्याचा संभव मोठा आहे.

लॉरेन्स ड्रायफस यांनीं १९८७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्याच पानांच्या आधारें, बाखच्या वाद्यमेळांत ऑर्गनच्या जोडीस हार्पसिकॉर्डहि पुष्कळदां असे, असें प्रतिपादिलें आहे. प्रत्यक्ष पानांवरून निर्णय काढण्याची त्यांची रीत निःसंशय योग्य होय. तथापि साथीचे आंकडे घातलेलें व पट्टी न बदललेलें प्रत्येक पान हार्पसिकॉर्डचेंच, असा सरसकट नियम त्यावरून कोणी बांधूं नये. तें पान पुढील एखाद्या प्रयोगासाठीं लिहिलेलें असूं शकेल. आल्फ्रेड ड्यूर यांनीं १९५७ मध्यें कागदांतील जलचिन्हें व लेखकांचीं अक्षरवळणें पडताळून लाइप्झिगच्या रचनांचा कालक्रम नव्यानें बसविला. ती कसोटी लावल्यावांचून नुसत्या पट्टीवरून वाद्य ठरविणें घाईचें होईल.

दुसरें उदाहरण छापील ग्रंथाचें. क्लाउदिओ मोंतेवेर्दी याचा 'व्हेस्पर्स' १६१० मध्यें व्हेनिस येथें छापला गेला. त्यांतील 'लाउदा येरूसालेम' व 'मान्यीफिकात' हे भाग नेहमींच्या क्लेफांत नसून उंच क्लेफांत आहेत. मिखाएल प्रेटोरियस यानें १६१९ च्या 'सिंटाग्मा म्यूझिकुम'च्या तिसऱ्या खंडांत अशा रचनांविषयीं सांगितलें आहे कीं, आरंभीं कोमलचिन्ह असल्यास त्या षड्ज-मध्यम अंतरानें व नसल्यास षड्ज-पंचम अंतरानें खालीं उतराव्या. म्हणजे क्लेफ ही पट्टी बदलण्याची अलिखित आज्ञाच होती. अँड्र्यू पॅरट यांनीं १९८४ मध्यें हा मुद्दा मांडून वरील दोन्ही भाग षड्ज-मध्यम अंतरानें खालीं गावे असा निष्कर्ष काढला. ज्या आवृत्तींत जुने क्लेफ पुसून सर्वत्र आजचे सोयीचे क्लेफ घातले आहेत, तिच्या वाचकाला असा कांहीं प्रश्न आहे ह्याची शंकाहि येत नाहीं. तो गायकांना उगाच उंच ताणावयास लावतो आणि तेंच मोंतेवेर्दीच्या मनांतलें समजतो.

आजचे गायक जुने क्लेफ सहसा वाचीत नाहींत; म्हणून लिपी सुलभ करण्यास आमचा विरोध नाहीं. दोष मूळ न सांगण्यांत आहे. चांगल्या चिकित्सक आवृत्तींत प्रत्येक भागाच्या आरंभीं मूळ क्लेफ, कोमलतीव्र चिन्हें व पहिला स्वर जसेच्या तसे छापतात. १९५४ ते २००७ ह्या काळांत निघालेल्या नव्या बाख आवृत्तीनें तर साधनांची चिकित्सा स्वतंत्र खंडांतून दिली आहे. संग्राहकांनींहि सुट्या पानाची नोंद करतांना वाद्याचें नांव, क्लेफ, पट्टी व जलचिन्ह हीं चारहि लिहून ठेवावीं. स्वर दुसऱ्या प्रतीवरून पुन्हां मिळूं शकतात. पान कोणत्या वाद्यासाठीं व कोणत्या मानानें लिहिलें होतें, हें पुष्कळदां त्या एकाच पानाला ठाऊक असतें.