०.३ टक्के, पण कोणाचे?

कंधारला मावशीचे ओठ आणि जीभ रात्रीतून सुजली. घरात एकच निकाल लागला, वांगं बाधलं. ती दोन वर्षांपासून बीपीसाठी रामिप्रिल घेत होती, पण गोळीवर कोणाचा संशयच गेला नाही. ‘इतके दिवस चालली की!’ दुसऱ्यांदा सूज आली, तेव्हा कुठं गोळी बदलली.

रामिप्रिल ज्या एन्झाइमला अडवतं, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिनही तोडतं. ते साचलं की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि ओठ, जीभ, घसा सुजतो. यालाच अँजिओएडेमा म्हणतात. तो पहिल्या आठवड्यात येतो तसाच काही वर्षांनीही येऊ शकतो.

आता पेपर उघडा. ऑनटार्गेट, २००८, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. ४० देश, २५,६२० रुग्ण. अँजिओएडेमा रामिप्रिल गटात ०.३ टक्के, टेल्मिसार्टन गटात ०.१ टक्के. आपण सारांशातून हा आकडा उचलतो आणि प्रपोजलमध्ये चिकटवतो. मीही चिकटवला होता. पण जरा थांबा.

एक, ही गोळी सोसत नाही असं आधीच माहीत असलेले लोक यात घेतलेच नव्हते. दोन, सुरुवातीच्या चाचणी-काळात २९,०१९ जण होते. त्यातले ३,३९९ वेगवेगळ्या कारणांनी मुख्य अभ्यासात आलेच नाहीत. तीन, हा आकडा गोळी कायमची बंद करण्याच्या कारणांच्या तक्त्यातला आहे. सूज येऊनही गोळी चालू ठेवणारा त्यात दिसत नाही.

आता २००४ चा ऑक्टेव्ह अभ्यास शेजारी ठेवा. तिथं ही सूज मुद्दाम शोधली गेली. एनालाप्रिल या त्याच कुळातल्या औषधावर ०.६८ टक्के निघाली. औषध वेगळं, रुग्णही वेगळे, म्हणून सगळा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे असं म्हणता येणार नाही. पण शोधलं तर जास्त सापडतं, हे विसरू नका.

ऑनटार्गेट चुकीचा आहे का? नाही. दोन औषधांची तुलना करायला तो भक्कम आहे. मात्र गावातल्या दर हजारी किती जणांना सूज येईल, हे सांगायला तो केलेलाच नव्हता. चूक पेपरची नाही, आपल्या उचलण्याची आहे.

आपल्याकडं आणखी एक घोळ आहे. प्रश्नावलीत नुसतं ‘सूज आली का?’ विचारलंत, तर अॅम्लोडिपिननं सुजलेले घोटे आणि रामिप्रिलनं सुजलेली जीभ एकाच रकान्यात जातील. पहिली बहुधा त्रासदायक, दुसरी श्वास अडवणारी. म्हणून कुठं, कधी, कोणती गोळी, हे तिन्ही विचारा. आणि जीभ सुजलेला माणूस समोर आला तर फॉर्म बाजूला ठेवा, आधी दवाखाना गाठा.

नंतर नोंद मात्र करा. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो. मावशीची नोंद कुठंच नाही. आमच्या घरच्या हिशेबात ती अजून वांग्याच्याच खात्यावर आहे.