वॉटर पंप वाचताना

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनच्या तांबड्या-पांढऱ्या कमानी मागे टाकून पायी निघालं की थोड्याच वेळात पुदुपेट लागतं. इथे जुन्या गाड्या खोलून त्यांचे भाग विकतात. हारीने मांडलेल्या रेडिएटर आणि गिअरबॉक्सच्या गर्दीत एका फळीवर मला ओळखीचा पंप दिसला, मर्सिडीज ई-२२० चा. ही डब्ल्यू-१२४ मालिकेतली गाडी १९९५ साली पिंपरीला टेल्कोच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. माझ्याकडेही तीच गाडी आहे आणि तिला नवा पंप हवा होता. नवा घ्यायच्या आधी जुना हातात घेऊन पाहावा, कारण इंजिनाने आयुष्यभर काय सोसलं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं.

पंप उलटा केला की पाण्याकडची बाजू समोर येते. या पंपाच्या पोटात तपकिरी खपल्या होत्या आणि कडेला पांढरा क्षार चढला होता. कुणीतरी वर्षानुवर्षं चेन्नईचं खारं बोअरचं पाणी ओतलं असावं. शेजारच्या दुसऱ्या पंपाचं अ‍ॅल्युमिनियम मात्र आतून अजून करडं आणि स्वच्छ होतं. गाडी तीच आणि ऊनही तेच, पण याला कूलंट मिळालेलं. दोन्ही पंप शेजारी ठेवले की मालकांचे दोन स्वभाव समोर उभे राहतात.

आता इम्पेलर पाहा. आमचे मेकॅनिक त्याला नुसतं ‘फॅन’ म्हणतात. पाणी मध्यावर शिरतं, पाती त्याला परिघाकडे भिरकावतात आणि शंखासारखं वळत गेलेलं घर त्या वेगाचं दाबात रूपांतर करतं. म्हणून बीड, पत्रा की प्लॅस्टिक हे विचारण्याआधी पात्यांचं वळण पाहावं. स्वस्त पंपात पत्र्याची सरळ पाती वाकवून बसवलेली असतात. चांगल्या पंपात प्रत्येक पातं फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेलं असतं आणि त्याची कड घराच्या भिंतीशी अगदी थोडं अंतर राखून जाते. अंतर वाढलं तर पाणी मागे परततं आणि कमी पडलं तर पातं घासतं. ते सगळीकडे सारखं राखलेलं दिसलं की ओतकाम करणाऱ्याच्या हाताला मनातल्या मनात दाद जाते.

पंपाचा खरा जीव मात्र डोळ्यांना दिसतच नाही. तो सीलमध्ये असतो. एक कडी कार्बनची आणि दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. दोन्हींचे चेहरे इतके सपाट घासलेले असतात की त्यांची सपाटी प्रकाशाच्या पट्ट्यांनी मोजतात. त्यांच्यामध्ये कूलंटचा मायक्रॉनच्या हिशेबातला पापुद्रा राहतो आणि तोच त्यांचं वंगण होतो. ज्या पाण्याला अडवायचं त्याच्याच आधाराने सील जगतं. म्हणूनच काढून महिनोन्‌महिने कोरडा ठेवलेला जुना पंप कितीही देखणा असला तरी घेऊ नये. पुदुपेटच्या फळीवर शिकावं आणि पंप नवाच घ्यावा.

शाफ्टखाली एक बारीक भोक असतं, तोंड जमिनीकडे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दोष वाटतो. सील थकलं की पाणी बेअरिंगच्या ग्रीसमध्ये न शिरता या भोकातून बाहेर ठिबकतं. किंचित डाग चालतो, थेंब मात्र नाही. स्वतःचं दुखणं वेळेवर सांगण्याची सोय ज्याने या पंपात ठेवली, त्याला यंत्राइतकीच माणसंही कळत असावीत.

नवा पंप निवडताना आधी त्याच्यावरचा आकडा वाचा. मर्सिडीजच्या क्रमांकातले पहिले तीन अंक इंजिनाची मालिका सांगतात, इथे १११. पुढचे २० म्हणजे कूलिंगचा गट. मग ओतीव अंगावर बोट फिरवा. अनेकदा मूळ पुरवठादाराच्या डब्यातल्या भागावरचा मर्सिडीजचा तारा घासून काढलेला असतो, पण साचा तोच राहतो. गॅस्केटची बैठक सपाट, साच्याची शिवण बारीक आणि भोकांच्या कडा बिनकुसळीच्या हव्यात. शेवटी शाफ्ट चिमटीत धरून हलवा. केसभरही प्ले नको. फिरवाल तर नवं बेअरिंग भिरभिरत नाही, मधात चमचा फिरावा तसं जड आणि एकसारखं फिरतं. बोटांना कळणारी ती संथ गती मला फार आवडते.

माझा पंप बसला. निम्मं कूलंट आणि निम्मं क्षारविरहित पाणी घातलं, हीटर उघडा ठेवून हवा काढली. मे महिन्याच्या दुपारी एग्मोरच्या सिग्नलला गाडी उभी होती. तापमानाचा काटा ८० च्या किंचित वर चढला आणि तिथेच राहिला. समोर, बॉनेटखाली, दोन कड्यांमध्ये तो पापुद्रा धरून होता.