टाइप ‘सापडला’ की नुसता वाचला? सुपर टाइप टोकनची चिकित्सा

अँड्रॉइडवर जेसन वाचायचं तर जीसन लायब्ररीला टाइपटोकन द्यायचा, हे आपल्याला पाठ असतं. त्यामागची युक्ती नील गाफ्टर यांनी २००६ मध्ये ‘सुपर टाइप टोकन’ म्हणून मांडली. पेपर वाचायला शिकणाऱ्यांसाठी हे उदाहरण चांगलं आहे.

आधी पार्श्वभूमी. २००४ च्या जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले ते इरेझर पद्धतीने, जुना कोड चालत राहावा म्हणून. त्यामुळे रनटाइमला यादीच्या ऑब्जेक्टला आपण ‘स्ट्रिंगची यादी’ आहोत हे माहीत नसतं. पण एखादा क्लास कोणत्या सुपरक्लासपासून बनला, हे कंपायलर टाइप आर्ग्युमेंटसकट क्लास फाइलमध्ये ‘सिग्नेचर’ म्हणून लिहून ठेवतो. टाइपटोकनपुढचे ते रिकामे महिरपी कंस म्हणजे एक निनावी सबक्लास. लायब्ररी त्याची सिग्नेचर वाचते, बस्स.

युक्ती सुंदरच आहे. माझा आक्षेप वर्णनावर आहे. ‘रनटाइमला टाइप सापडतो’ असं आपण सर्रास लिहितो. खरं तर कंपायलरला जे आधीच माहीत होतं, तेवढंच परत मिळतं. हा नुसता शब्दांचा कीस नाही, तो दोन ठिकाणी नडतो.

पहिलं: जेनेरिक फंक्शनच्या आत ‘टी ची यादी’ असा टोकन बनवला, तर हाती स्ट्रिंग येत नाही, नुसतं टी हे व्हेरिएबल येतं. ही मर्यादा गाफ्टर यांनी स्वतःच २००७ मध्ये लिहिली. युक्ती सगळ्यांनी उचलली, तिची मर्यादा मात्र फार थोड्यांनी वाचली.

दुसरं: अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८.० पासून आर८ चा फुल मोड आपोआप चालू असतो. कीप रूल नसेल तर तो सिग्नेचरच काढून टाकतो. डिबग बिल्ड चालतं, रिलीज कोसळतं.

कॉटलिनचा रीफाइड इथे जास्त प्रामाणिक वाटतो. इनलाइन फंक्शनमुळे टाइप कॉलच्या जागीच भरला जातो, आणि साधा टी थेट पुढे ढकलला तर कंपायलरच अडवतो.

तेव्हा कुठलीही पद्धत वाचताना विचारा: ही माहिती कोणी, कधी आणि कुठे लिहून ठेवली? आणि तुमचे प्रयोग रिलीज बिल्डवर करा. डिबगवरचा निकाल हा अर्धाच पुरावा असतो.