पहिली फ्रेम

मेळघाटातल्या सेमाडोहच्या जंगलात काढलेल्या रानपिंगळ्याच्या दहा फ्रेम सध्या रोज रात्री उघडून बसतो. सगळ्या एकाच सेकंदातल्या. कॅमेरा निकॉन डी५००, लेन्स २००-५००.

पहिल्या फ्रेममध्ये तो सागाच्या उघड्या फांदीवर आहे, मान खाली, नजर पाचोळ्यात. छाती सलग तपकिरी, तिच्याखाली एकदम पांढरं पोट, पायांवर पांढरी दाट पिसं. डाव्या पायाची नखं सालीत रुतलेली, उजवा पाय जरा सैल, झेपेच्या बेतात. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कुणाच्या खात्रीच्या नोंदीत नव्हता. १९९७ साली शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. या फ्रेममध्ये तो भरदिवसा आपल्या शिकारीत गुंतलाय आणि मी तिथं आहे हे त्याच्या गावीही नाही.

दुसरीत मान वळताना पुसट झालीये. तिसरीपासून दहावीपर्यंत दोन पिवळे डोळे थेट माझ्यावर. कॅमेऱ्यातला आरसा पहिल्यांदा खटकन आपटला आणि शिकार हुकली. बघणाऱ्यांना दहावी आवडते. मला पहिलीच फोटो वाटते. पुढच्या नऊ माझ्या आवाजाला दिलेलं उत्तर आहेत.

आरसाच नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्याचा मोह इथून सुरू झाला. अकोल्याच्या एका मित्राने २०२४ साली आलेला निकॉनचा मिररलेस झेड६-३ घेतला. कापशी तलावावर माझीच लेन्स अडॅप्टरने त्याला लावली. ‘पाहून घे ना भाऊ, आवाजच नाई येत याचा,’ तो म्हणाला. हळदीकुंकू बदक चोचीने पंख साफ करत होतं. मी बटण दाबून धरलं, आणि त्याचं काम चालूच राहिलं. त्याहून मोठी गोष्ट डोळ्याला कळली. माझ्या डी५००सारख्या डीएसएलआरमध्ये फोटो निघतो नेमका त्याच क्षणी आरसा वर जातो आणि दृश्य काळं होतं. इतकी वर्षं मी माझे सगळे फोटो न बघताच काढले होते. इथं पंखातलं पीस न् पीस चोचीतून सरकताना दिसत राहिलं. प्री-रिलीज कॅप्चर तर बटण पूर्ण दाबायच्या आधीचाही एक सेकंद हाती देतं, फक्त जेपेगमध्ये.

उणंही आहे. डी५००चा सेन्सर लहान, त्यामुळे ५०० मिलिमीटरची चौकट ७५०सारखी भरते आणि २०.९ मेगापिक्सेल पूर्ण मिळतात. झेड६-३चा सेन्सर मोठा, २४.५चा; तेवढीच चौकट कापली की जेमतेम १० उरतात. मेळघाटात पक्षी लांबच असतो, तेव्हा हा तोटा खरा आहे. पण १० मेगापिक्सेलात १२ बाय ८ इंचांचा प्रिंट स्वच्छ निघतो, आणि माझ्या भिंतीवर त्याहून मोठा एकही नाही.

सागाची पानगळ सुरू व्हायच्या आत झेड६-३ घ्यायचा, असं ठरवलंय. लेन्स हीच. डी५०० मात्र विकणार नाही. ती पहिली फ्रेम त्यानेच दिलीये.