वाघनखांचें दर्शन व पुराव्याची पारख

इ. स. २०२४ च्या जुलैंत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें कांहीं मुदतीकरितां महाराष्ट्रांत आलीं व प्रथम सातारच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत मांडलीं गेलीं. त्यांच्याविषयींची लोकांची उत्सुकता पाहून कोणाहि इतिहासभक्तास समाधान वाटेल. परंतु दर्शन निराळें व परीक्षण निराळें. हा भेद समाजास शिकविणें हेंच संग्रहालयाचें खरें कार्य होय, असें आमचें मत आहे.

अफजलखानाचा वध ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं झाला, याविषयीं शंका नाहीं. प्रश्न आहे तो वस्तूचा. वाघनखांच्या पेटीवरील इंग्रजी मजकूर असा कीं, हीं शिवाजीमहाराजांचीं असून सातारचा रेसिडेंट ग्रँट डफ यास पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळालीं. डफ साताऱ्यास आला १८१८ सालीं; मधल्या १५९ वर्षांची हकीकत त्या मजकुरांत नाहीं. पेशवा हाच प्रधान. त्याचा हा प्रधान कोण, तेंहि सांगितलेलें नाहीं. शिवाय मारलेला सरदार मोगलांचा म्हटला आहे. अफजलखान तर आदिलशाहीचा! महाराजांनीं वापरलेलीं वाघनखें तीं हींच असें सिद्ध करतां येत नाहीं, हें लंडनच्या संग्रहालयानेंच सांगितलें. त्यानें रुष्ट होण्याचें कारण नाहीं. असें सांगणें संग्रहालयास भूषणावहच आहे.

महाडाहून आंबेनळी घाटानें साताऱ्यास जाणारा प्रवासी पोलादपुरावरून जातो. शिवभारताचा कर्ता कवींद्र परमानंद याची समाधि तेथेंच आहे. त्याच्या काव्यांत खानावर प्रहार होतो तो कृपाणाचा. वाघनख येतें तें सभासदाच्या बखरींत. वाघनखें पाहावयास निघालेल्यानें या समाधीपाशीं क्षणभर थांबून दोन्ही साक्षी मनांत तोलून पाहाव्या.

महाडाजवळ गांधारपाल्याच्या लेण्यांत कुमार विष्णुपालित याचें नांव खडकांतच कोरलेलें आहे. त्या लेखास कांचेची पेटी नाहीं; पण तो कोठून आला हा प्रश्नहि नाहीं. जागेवरून हललेल्या वस्तूची साक्ष मात्र तिच्याबरोबर आलेल्या कागदाइतकीच भरंवशाची.

आमच्या संग्राहक वाचकांस विनंति इतकीच कीं, एखादें दप्तर, पोथी वा शस्त्र हातीं येतांच गांव, देणारा व तारीख त्याच दिवशीं लिहून ठेवावी. डफाच्या पेटीवरील दोन ओळींवर आज आपणांस विसंबावें लागतें. तशी वेळ आपल्या संग्रहाविषयीं पुढच्या पिढीवर येऊं नये.